फटाका पेटवायला हातात काय घ्यावं? साधन निवडण्यापासून ते विझवण्यापर्यंत

दिवाळीचे फटाके कोणते आणायचे यावर घरात आठवडाभर आधी चर्चा होते. ते पेटवायचे कशानं, हे मात्र पहिला फटाका अंगणात ठेवल्यावर आठवतं. मग कुणी स्वयंपाकघरातली काडेपेटी आणतं, कुणी देव्हाऱ्यातली अर्धी जळालेली उदबत्ती, तर कुणी शेजारच्या पोराच्या हातातली फुलबाजीच मागून घेतं. अशा घाईत हाती लागणारी वस्तू बहुतेक वेळा आखूड असते. साधन आखूड असलं की पेटवणारा फटाक्यावर वाकतो.

साधन निवडताना स्वतःला एकच प्रश्न विचारा. वात पेट घेईल त्या क्षणी माझा चेहरा आणि माझी बोटं कुठे असतील? खालचे सगळे टप्पे याच प्रश्नावर उभे आहेत.

हा लेख अंगणात किंवा सोसायटीच्या मोकळ्या जागेत पेटवायच्या छोट्या फटाक्यांसाठी आहे. गॅलरी, गच्ची, जिना आणि गाड्या लावायची जागा इथे कोणतंही साधन सुरक्षित नाही. मंडळांची मोठी आतषबाजी परवानाधारकांनीच करायची असते, ती इथे धरलेली नाही.

सुरुवात करण्याआधी वेळ बघून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाच्या २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालात दिवाळीला रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली आहे. त्याच निकालानं एकमेकांना जोडलेल्या फटाक्यांच्या माळा, बेरियमचे क्षार वापरलेले फटाके आणि ऑनलाइन विक्री यांवर बंदी घातली. म्हणून माळ कशी पेटवायची हे या लेखात नाही. स्थानिक आदेश याहून कडक असू शकतो, तेव्हा यंदाचा आदेश वाचून घ्या. इथे वेळेचा मुद्दा आणखी एका कारणानं येतो. दोनच तास आहेत म्हटल्यावर लोक उरकायला बघतात, एकाच वेळी तीन-तीन झाडं (भुईनळे) पेटवतात, आणि तिथे गडबड होते. तयारी दुपारीच झालेली असली तर हे दोन तास पुरून उरतात.

## टप्पा १ : दुपारच्या उजेडात वाती बघून फटाके वेगळे करा

कशानं पेटवायचं हे वातीवरून ठरतं. फटाके घमेल्यात ओतू नका. टेबलावर कागद पसरा आणि तीन गट करा.

मोकळी वात. लवंगी, लक्ष्मी बॉम्ब, सुतळी बॉम्ब. यांची वात बाहेर आलेली असते. तिच्या टोकाला निखारा टेकला तरी पुरतं, ज्वाळेची गरज नसते. टोकापासून आत दारूपर्यंत आग जायला लागणारे काही क्षण म्हणजेच तुमची मागे येण्याची मुदत.

बंद तोंड. झाड (काही घरांत भुईनळा म्हणतात) आणि बरीचशी भुईचक्रं. झाडाच्या टोकावर कागद चिकटवलेला असतो आणि त्याखाली लगेच काळी दारू. पुष्कळ झाडांना वेगळी वात नसतेच, म्हणून मुदतही जवळपास नसते. झाड हा लहान मुलांचा फटाका आहे असं समजून लोक त्याच्यावर सगळ्यात जास्त वाकतात. कधीकधी झाड फुलण्याऐवजी फुटतं. माझ्या मते सगळ्यात लांब साधन सुतळी बॉम्बपेक्षाही झाडाला हवं.

टोपीखालची वात. रॉकेट (बाण) आणि आकाशात जाणारे स्काय शॉट. वातीवर कागदाची किंवा प्लास्टिकची टोपी असते, ती काढल्याशिवाय वात दिसत नाही.

हे करताना वाईट माल बाजूला काढा. वात मुळाशी हलतेय, दारू सांडतेय, फटाका ओलसर लागतोय किंवा वात तुटून नखाएवढी उरलीय, असा फटाका पेटवायचा नाही. तो थेट पाण्याच्या बादलीत टाका. पैसे वाया गेले असं वाटेल, पण आखूड वातीचा फटाका कोणत्याही साधनानं सुरक्षित होत नाही.

जपून : वात "लवकर पेटावी" म्हणून तिचं वरचं वेष्टण सोलू नका. आतली दारू मोकळी होते आणि वात कधी सरसर जाईल, कधी अडेल याचा नेम राहत नाही. फटाके उन्हात वाळत घालण्याची जुनी सवयही सोडा. उन्हात ठेवायची ती उदबत्ती. फटाके सावलीत, कोरड्या बंद डब्यात असावेत.

## टप्पा २ : साधन निवडा

घरात मिळणारी साधनं एकेक करून बघू.

काडेपेटी. काडी बोटभर असते. वारा असला की आपण दुसऱ्या हाताची ओंजळ करून तिला आडोसा देतो. म्हणजे फटाक्याजवळ एकाऐवजी दोन हात, आणि ज्वाळा टिकतेय का हे बघायला चेहराही. काडेपेटीचं काम फक्त साधन पेटवण्यापुरतं.

सिगारेटचा लायटर. काडेपेटीचे सगळे दोष यात आहेतच. वर तो खाली झुकवला की ज्वाळा अंगठ्याकडे येते, आणि आत द्रवरूप गॅस भरलेला असतो. खिशात लायटर ठेवून फटाक्यापाशी वाकणं टाळाच.

लांब नळीचा लायटर. बटण दाबलं की नळीच्या टोकाला ज्वाळा येते तो. लोकांना हाच बरा वाटतो, आणि काडीपेक्षा तो नक्कीच बरा आहे. तरी नळीची लांबी वीतभरच असते, ज्वाळा वाऱ्यानं विझते, आणि पुन्हा पुन्हा चाप ओढताना माणूस तिथेच थबकून राहतो. हा विस्तवाच्या जागी ठेवा, फटाक्यापाशी नेऊ नका. शेगडीचा साधा लायटर नुसती ठिणगी देतो, ज्वाळा देत नाही. त्यानं वात पेटवायचा प्रयत्न करायला फटाक्याला जवळपास हातच लावावा लागतो, म्हणून तो बादच.

मेणबत्ती आणि पणती. हातात धरून नेल्या की मेण किंवा तेल ओघळतं आणि ज्योत वाऱ्यावर वाकते. एका जागी, वाळूत रोवून ठेवलेली मेणबत्ती मात्र फार उपयोगी. सगळी साधनं तिच्यावरून पेटवता येतात आणि काडेपेटी सारखी बाहेर काढावी लागत नाही.

फुलबाजी. आपल्याकडे सर्वात जास्त वापरलं जाणारं आणि सर्वात जास्त फसवणारं साधन. फुलबाजीचं जळतं टोक १००० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतं, म्हणून काहीही पटकन पेटतं. अडचण आहे ती ठिणग्यांची. तुम्ही वातीच्या टोकाला फुलबाजी नेता, पण ठिणग्या चहूबाजूंनी उडतात. त्यातली एक वातीच्या मुळाशी, जिथे वात फटाक्यात शिरते तिथे पडली, तर आग टोकाऐवजी मुळापासूनच सुरू होते. मागे यायची मुदत संपलेली असते आणि तुम्हाला ती संपल्याचं कळतही नाही. शिवाय फुलबाजी संपत आली की हात पुढे सरकतो, आणि विझल्यावर तिची तार बराच वेळ चटका देण्याइतकी गरम राहते. मोकळ्या वातीच्या फटाक्याला फुलबाजी लावू नका. बंद तोंडाचं झाड किंवा चक्र उदबत्तीला दाद देत नसेल तर ३० सेंटीमीटरची लांब फुलबाजी काठीला बांधून वापरावी. हातात धरून तीही नको.

जळती सुतळी किंवा काथ्याची दोरी. पानाच्या टपरीवर टांगलेली असते तशी. वाऱ्यात विझत नाही हा तिचा मोठा गुण. पण ती वळते, तिचे जळते तंतू खाली गळतात आणि धूर डोळ्यांत जातो. उदबत्ती मिळालीच नाही तर घ्या.

हातात धरायची गॅसची टॉर्च. स्वयंपाकघरात किंवा डागकामात वापरतात ती. तिचा झोत वात आणि दारू दोन्ही एकदम पेटवतो. नको.

तारेनं लांबून पेटवायचे विजेचे संच. त्यासाठी पेटवणारं टोक फटाक्याच्या दारूत किंवा वातीत खोचावं लागतं. घरच्या माणसानं फटाक्याची अशी मोडतोड करू नये.

जाड उदबत्ती. माझी निवड ही. तिच्या टोकाला ज्वाळा नसते, ठिणग्या उडत नाहीत, वाऱ्यानं ती विझण्याऐवजी फुलते, आणि जिथे टेकवाल नेमकं तिथेच पेटवते. वातीसाठी तेवढा निखारा पुरेसा असतो. तिचे दोष दोन. ती आखूड असते आणि तिच्यावर राख साचते. दोन्हींवर उपाय पुढच्या टप्प्यांत आहे.

पूजेच्या साहित्याच्या दुकानात मसाला उदबत्ती मागा, पेन्सिलीच्या जाडीची असली तर उत्तम. बारीक सुगंधी उदबत्ती वातीवर टेकवली की मोडते. ओल्या धुपाची कांडी गरम झाली की वाकते.

तपासा : एक उदबत्ती पेटवून दोन मिनिटं आडवी धरा. टोक गळून पडलं, वाकलं किंवा विझलं तर तो पुडा देवघरात ठेवा आणि फटाक्यांसाठी दुसरा आणा.

## टप्पा ३ : उदबत्ती काठीला बांधा

सुकलेल्या बांबूची, बोटभर जाड आणि ६० ते ७५ सेंटीमीटर लांबीची काठी घ्या. याहून लांब काठी घ्यावीशी वाटेल, पण मीटरभराच्या काठीचं टोक थरथरतं. दोन-तीनदा नेम चुकला की माणूस नकळत पुढे सरकतो आणि लांबीचा फायदा तिथेच संपतो. हात, काठी आणि उदबत्ती मिळून खांद्यापासून निखाऱ्यापर्यंत दीड मीटरच्या आसपास अंतर मिळालं की काम झालं.

१. काठीच्या एका टोकाला सुरीनं तीन-चार सेंटीमीटर खोल फट पाडा.

२. उदबत्तीची मसाला नसलेली काडी त्या फटीत पूर्ण बसवा. मसाल्याचा भाग काठीच्या बाहेर राहायला हवा.

३. बारीक उघड्या तारेचे पाच-सहा घट्ट वेढे द्या. सेलोटेप, रबरबँड, प्लास्टिकची दोरी यांपैकी काहीही वापरू नका. निखारा खाली आला की ते वितळतं आणि पेटती उदबत्ती पायावर पडते.

४. काठी झटकून बघा. उदबत्ती हलली तर पुन्हा बांधा.

नेहमीच्या लांबीची उदबत्ती अर्धा ते पाऊण तास चालते. दोन तासांसाठी अशा चार काठ्या बांधून ठेवा, पण एका वेळी पेटती असावी एकच. पहिली संपत आली की तिच्यावरूनच दुसरी पेटवा. निखारा काठीपासून तीन बोटांवर आला की ती काठी बदला.

कोकणात किंवा परतीच्या पावसानंतरच्या दमट हवेत उदबत्त्या मऊ पडतात. दुपारी तासभर उन्हात ठेवा आणि मग झाकणाच्या डब्यात भरा.

## टप्पा ४ : विस्तव आणि फटाके वेगळे मांडा

जागा तीन हव्यात, आणि त्या एकमेकींपासून लांब हव्यात.

पेटवायची जागा. सपाट जमीन. आजूबाजूला वाळलेलं गवत, पालापाचोळा, आकाशकंदिलाची वायर, कपड्यांची दोरी, गाडी काहीही नको. वारा कुठून येतोय ते उदबत्तीच्या धुरावर बघा. तुम्ही उभे राहाल तेव्हा वारा पाठीवर यायला हवा.

विस्तवाची जागा. पेटवायच्या जागेपासून पाच-सहा पावलांवर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला. मातीच्या कुंडीत अर्ध्यापर्यंत वाळू भरा. तिच्यात एक मेणबत्ती आणि पेटती काठी रोवा. काडेपेटी आणि लांब लायटर याच कुंडीपाशी.

फटाक्यांचा डबा. याही मागे, निदान दहा मीटरवर, झाकण लावून.

शिवाय पाण्यानं भरलेल्या दोन बादल्या आणि एक घमेलं कोरडी वाळू. एक बादली आग विझवायला. दुसरी जळालेल्या तारा, संपलेल्या उदबत्त्या आणि न पेटलेले फटाके बुडवायला. दोन्ही कामं एकाच बादलीत केली की ऐन वेळी पाण्यात तारांचा गुंता हाताला लागतो.

प्रेक्षकांसाठी चुन्याची किंवा रांगोळीची जाड रेघ ओढा. जमिनीवरच्या फटाक्यांना पाच मीटरपेक्षा जवळ कुणी नको. आकाशात जाणाऱ्यांना खोक्यावर छापलेलं अंतर पाळा.

आता माणसं ठरवा. डबा एकजण सांभाळतो आणि विस्तवाला हात लावत नाही. पेटवायचं काम दुसऱ्याकडे, आणि त्यानं डब्यापाशी जायचं नाही. तिसरा माणूस रेघेवर उभा राहून मुलं, वारा आणि आधीचा फटाका विझलाय का यावर नजर ठेवतो. माणूस बदलला तरी ही वाटणी संध्याकाळभर मोडू नका. सोसायटीत काका, दादा, मामा सगळेच उत्साहानं पुढे येतात. त्यांना आळीपाळीनं पेटवू द्या, पण एका वेळी काठी एकाच्याच हातात.

तपासा : पेटवणाऱ्याच्या अंगावर सुती, अंगाला बसणारे कपडे आहेत ना? पायात बंद बूट? ओढणी, पदर, झब्ब्याच्या सैल बाह्या आवरलेल्या? केस मोकळे असले तर बांधलेले? डोळ्यांवर पारदर्शक गॉगल? खिशात लवंगीची पुडी किंवा लायटर तर नाही? हाताला अल्कोहोलवालं सॅनिटायझर लावलं असेल तर साबणानं धुऊन पूर्ण कोरडे करा.

## टप्पा ५ : न पेटवता एकदा तालीम करा

हा टप्पा सगळे गाळतात, आणि यातूनच बाकीचे धडे कळतात. रिकामी बाटली फटाक्याच्या जागी ठेवा. न पेटवलेली काठी घेऊन कुंडीपासून निघा, बाटलीच्या टोकाला काठी टेकवा आणि परत या.

उकिडवे बसू नका. बसलेल्या माणसाला उठून मग वळावं लागतं. बाटलीकडे तिरके उभे राहा, एक पाय पुढे आणि एक मागे. पुढचा गुडघा थोडा वाकवा आणि हात सरळ लांब करा. कमरेत वाकलात तर डोकं पुढे येतं. गुडघ्यात वाकलात तर डोकं मागेच राहतं. काठी वरून खाली आणू नका, बाजूनं आडवी न्या. परतताना पळू नका. झपझप चालत या, अंधारात पळताना माणूस आपल्याच बादलीला अडखळतो.

## टप्पा ६ : पेटवण्याचा क्रम

हा क्रम जसाच्या तसा पाळा.

१. पेटवणारा काठी कुंडीतच ठेवतो. डबेवाला एकच फटाका काढून झाकण लावतो आणि फटाका त्याच्या हातात देतो.

२. फटाका जागेवर ठेवा. डुगडुगत असेल तर वाळूत बसवा.

३. टोपी काढा, झाडाचा वरचा कागद फाडा, वात बाहेरच्या बाजूला हलकेच वळवा. हे सगळं रिकाम्या हातांनी करायचं.

इथे जरा थांबा, कारण सगळ्यात जास्त चूक होते ती या जागी. माणूस एका हातात पेटती उदबत्ती धरतो आणि दुसऱ्या हातानं झाडाचा कागद फाडत बसतो. कागद लवकर सुटत नाही, म्हणून तो उदबत्तीच्या हाताची दोन बोटंही मदतीला घेतो. निखारा आणि उघडी दारू यांत तेव्हा वीतभरही अंतर नसतं, आणि वर त्याचा चेहरा असतो. फटाका लावून पूर्ण तयार झाल्यावर, मागे जाऊन मगच विस्तव आणायचा. या दोन फेऱ्यांचा कंटाळा करू नका.

४. कुंडीपाशी परत या. काठीवरची राख कुंडीच्या काठावर झटका आणि निखाऱ्यावर एक फुंकर मारा. टोक लाल दिसलं पाहिजे.

राखेचं थोडं सविस्तर सांगायला हवं. उदबत्तीवर राखेची टोपी चढली की निखारा आत दबतो आणि वातीला धग लागत नाही. मग लोक वातीवर उदबत्ती दाबतात, वात दुमडते किंवा तुटते. तरी पेटत नाही म्हणून खाली वाकून तिथेच फुंकर मारतात, आणि नेमकं तेव्हा वात सुरसुरते. फुंकर मारायची ती कुंडीपाशी, फटाक्यापाशी कधीच नाही.

५. "पेटवतोय" असं मोठ्यानं सांगा. रेघेवरचा माणूस "हो" म्हणेपर्यंत थांबा.

६. वारा पाठीवर घेऊन जा, हात लांब करा, चेहरा थोडा वळवा, आणि वातीच्या अगदी टोकाला निखारा बाजूनं टेकवा. दाबू नका.

७. वातीवर ठिणगी दिसली किंवा सुर्र असा आवाज आला की लगेच मागे फिरा. खात्री करायला दुसऱ्यांदा टेकवू नका.

८. काठी कुंडीत रोवा, आणि मगच वळून फटाका बघा.

झाडासाठी : निखारा टोकावर टेकवून तीन-चार सेकंद धरावा लागतो. हात अवघडला म्हणून पुढे सरकू नका, काठी मागे घ्या आणि पुन्हा या. झाड हातात धरून पेटवणं हा खेळ नाही, त्यात हात जातात.

भुईचक्रासाठी : फरशी किंवा सपाट कडक जमीन हवी. खडबडीत जागेवर ते उड्या मारत कुठेही जातं. बाजूनं पेटवा आणि ज्या बाजूनं आलात तिकडेच परत जा.

रॉकेटसाठी : काचेची बाटली नको, ती कलंडते किंवा फुटते. वाळूनं भरलेल्या बादलीत पाइपचा तुकडा उभा रोवा आणि रॉकेटची काडी त्यात मोकळी सोडा. इमारतींच्या दाटीत रॉकेट उडवूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. ते कोणाच्या खिडकीत जाईल हे पेटवणाऱ्याच्या हातात राहत नाही.

स्काय शॉटसाठी : खोकं विटांमध्ये घट्ट बसवा. वात बाजूनं निघते, ती पूर्ण बाहेर ओढून सरळ करा. पेटवताना शरीराचा कोणताही भाग खोक्याच्या वर येता कामा नये. पहिला बार उडाल्यावर खोकं शांत वाटलं तरी जवळ जाऊ नका, पुढचे बार बाकी असू शकतात.

नागगोळीसाठी : आवाज नाही म्हणून मुलं तिच्यावर ओणवी होऊन बघतात. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशननं मोजमाप केलं तेव्हा हवेतले सूक्ष्म कण सर्वाधिक निघाले ते या गोळीतूनच. आणू नका.

## टप्पा ७ : पेटलाच नाही तर

वात विझल्यासारखी दिसते, पण आत धुमसत असू शकते. निदान २० मिनिटं त्या फटाक्याजवळ कुणीही जायचं नाही. पुढचे फटाके तेवढ्या वेळात दुसरीकडे, लांब पेटवा. मग लांब हातानं त्यावर बादलीतलं पाणी ओता आणि खोऱ्यानं उचलून बुडवायच्या बादलीत टाका.

पुन्हा पेटवायचा प्रयत्न करू नका. पायानं उडवू नका. अर्धवट फटाके फोडून त्यांची दारू कागदावर गोळा करणं आणि तिला काडी लावणं हे पोरांना फार आवडतं. मोकळी दारू एका क्षणात भडकते, तिला वात नसते. हे मुलांना दिवाळीच्या आधी बसवून सांगा, नुसतं ओरडून काही होत नाही.

जपून : वात आखूड आहे म्हणून फटाका वर्तमानपत्राच्या तुकड्यावर ठेवून कागद पेटवायची युक्ती सर्रास चालते. कागद वाऱ्यानं विझतो, उडतो किंवा एकदम भडकतो. फटाका केव्हा फुटेल हे मग सांगता येत नाही, आणि "विझला वाटतं" म्हणून कुणीतरी बघायला जातंच.

## टप्पा ८ : मुलांच्या फुलबाज्या

पाच वर्षांच्या आतल्या मुलांच्या हातात फुलबाजी देऊ नका. मोठ्या मुलांसाठी वाळूत रोवलेली वेगळी मेणबत्ती ठेवा, फटाक्यांच्या कुंडीपासून लांब.

एका फुलबाजीवर दुसरी पेटवणं बंद करा. दोन मुलं समोरासमोर उभी राहतात, टोकाला टोक लावतात, दुसरी पटकन पेटत नाही म्हणून जवळ सरकतात. ती पेटते तेव्हा ठिणग्यांचा पहिला झोत दोघांच्या बोटांवर येतो. प्रत्येक फुलबाजी मेणबत्तीवर, तिरकी धरून, हात सरळ लांब ठेवून पेटवायची. एका हातात एकच. न पेटवलेल्या फुलबाज्यांचा जुडगा दुसऱ्या मुठीत नको.

संपलेली तार लगेच पाण्यात. अंधारात जमिनीवर पडलेली गरम तार दिसत नाही, आणि दिवाळीत अनवाणी पायाला चटका बसतो तो बहुधा तिचाच.

## टप्पा ९ : विझवणं आणि आवरणं

शेवटचा फटाका झाला की पेटती काठी पाण्यात पूर्ण बुडवा, निखारा वाळूत खुपसून भागत नाही. मेणबत्ती विझवा. उरलेल्या कोरड्या काठ्या आणि काडेपेटी घरात न्या, फटाक्यांच्या डब्यात टाकू नका. दरवर्षी हे दोन्ही एकाच पिशवीत भरून माळ्यावर जातं.

जागेवर पाणी शिंपडा. जळालेले कागद, पुठ्ठे, झाडांच्या नळ्या रात्रभर बादलीत भिजत ठेवा आणि सकाळी पाणी निथळून कचऱ्यात द्या. रात्रीच गोळा करून कचरापेटीत टाकलेल्या नळ्यांनी पेटी पेट घेते.

भाजलं तर : भाजलेला भाग लगेच नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटं धरा. सूज येण्याआधी अंगठी आणि बांगड्या काढा. कापड कातडीला चिकटलं असेल तर ओढू नका. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप, शाई काहीही लावू नका, डॉक्टरांना तेच आधी काढावं लागतं. पाण्यानं गार केल्यावर स्वच्छ सुती कापड सैल झाकून दवाखान्यात न्या.

डोळ्याला इजा झाली तर चोळायचं नाही, दाबायचं नाही, मलम घालायचं नाही, आत अडकलेलं काही काढायचं नाही. डोळ्यावर दाब येणार नाही असा कागदी कप उलटा धरा आणि थेट नेत्रतज्ज्ञाकडे जा. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि अग्निशमनासाठी १०१ हे क्रमांक रेघेवरच्या माणसाच्या फोनमध्ये आधीच असावेत. त्या रात्री जवळचं कोणतं नेत्ररुग्णालय उघडं आहे, हेही दुपारीच फोन करून विचारून ठेवा.